गरम झाली की गाडी थरथरते. चारही नोझल बदलायचे का?

पत्र:

माझी 2014 ची डिझेल सेडान आहे, 1248 सीसीची. 2 लाख 38 हजार किलोमीटर झालेत. सोलापुरातून तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर अशी भाडी मारतो. दीड महिन्यापासून गाडी उभी असताना थरथरते. सकाळी चालू केली की ठीक असते. दहा-पंधरा किलोमीटर झाले की सात रस्त्याच्या सिग्नलला स्टिअरिंग, आरसा, डॅशबोर्ड सगळं हलायला लागतं. एसी लावला की जास्तच. रेस देऊन आरपीएमचा काटा 1500 च्या वर नेला की गाडी लोणी. मायलेज 19 वरून 17 वर आलंय. धूर विशेष नाही, चेक लाइट लागत नाही. डिझेल फिल्टर बदलला, नोझल साफ करायच्या औषधाच्या दोन बाटल्या टाकीत ओतल्या, फरक शून्य. एक मिस्त्री म्हणतो चारही नोझल गेलेत, 40 हजार लागतील. दुसरा म्हणतो ईजीआर ब्लॉक करून टाका. आषाढीला वीस दिवस राहिलेत, भाडी घेऊन ठेवलीत. काय करू?

एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर:

आधी ते 40 हजार खिशातच राहू द्या. चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर) खरोखर गेले असते तर गरम गाडी बंद करून पुन्हा चालू करताना लांबच लांब सेल्फ मारावा लागला असता. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही. उलट तुमच्या पत्रात एक वाक्य फार कामाचं आहे, आणि दोन्ही मिस्त्रींनी बहुधा तेच विचारलं नाही: सकाळी ठीक, गरम झाल्यावर थरथर.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याची ताकद, गेलेलं इंजिन याच्या उलट वागतं. थंड असताना ते जास्त त्रास देतं, पांढरा धूर सोडतं आणि तापलं की जरा सुधारतं. हीटर प्लग (थंड इंजिन चालू होताना सिलिंडर तापवणारे) गेले असतील तरी त्रास सकाळचा, पहिल्या एक-दोन मिनिटांचा. म्हणून हे दोघे रांगेत मागे. गरम झाल्यावर बिघडणाऱ्या गोष्टी तीन. डिझेल तापून पातळ होतं, त्यामुळे झिजलेल्या नोझलच्या आतून होणारी गळती वाढते. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा जळका वायू परत इंजिनात सोडणारी झडप) थंड इंजिनात जवळजवळ बंदच ठेवलेला असतो, इंजिन तापल्यावरच त्याचं काम सुरू होतं. आणि इंजिनाच्या माउंटिंगचं (ज्या टेकूंवर इंजिन बसतं त्यांचं) जुनं रबर उन्हात, इंजिनाच्या झळीत आणखी मऊ पडतं. संशयित हे तीन. आता यातला कोण, हे पैसे खर्च न करता किती कळतं ते पाहू.

थरथर कशी आहे, ते आधी ओळखा

गाडी गरम करून सपाट जागी उभी करा. एसी बंद, न्यूट्रल, हँडब्रेक. काटा 800-850 च्या आसपास असेल. आता सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर वर्तमानपत्राची एक पट्टी धरा आणि ती कशी फडफडते ते एक मिनिटभर बघा.

पट्टी एकसारखी फडफडतेय, आवाजही एका सुरात आहे, पण सीट आणि आरसा हलतोय: इंजिन ठीक चाललंय, त्याचा हादरा बॉडीत उतरतोय. म्हणजे माउंटिंग.

पट्टीला ठरावीक तालात खंड पडतो, आवाजात थड-थड-थड असा लंगडेपणा आहे: एक सिलिंडर कमी काम करतोय. 850 आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला साधारण 7 वेळा पेटतो, म्हणून हा ताल भराभर आणि नियमित असतो. आपल्याकडे याला मिसिंग म्हणतात.

ताल वगैरे काही नाही, काटाच 750 ते 950 असा वरखाली झोके घेतोय: इंधन किंवा हवा चारही सिलिंडरला मिळूनच नीट पोचत नाही. डिझेलची लाइन हवा धरतेय, रेलचं (चारही नोझलना दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या नळीचं) प्रेशर डळमळतंय किंवा ईजीआर अडकलाय.

तुमच्या वर्णनावरून आमचा कल एका सिलिंडरकडे आहे, कारण रेस दिल्यावर लोणी आणि एसीच्या ओझ्याखाली जास्त हे दोन्ही त्याला जुळतं. पण माउंटिंगलाही हेच जुळतं! म्हणून पट्टी धरल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला असं या एका लक्षणात फार होतं. नोझल बदलून झाल्यावर माउंटिंग सापडतं.

माउंटिंग, पट्टा आणि डिझेलची लाइन

बॉनेट उघडा, एक माणूस बाजूला उभा करा, समोर नाही. तुम्ही ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच हलका सोडा, गाडी दबली की लगेच पुन्हा दाबा. मग रिव्हर्समध्ये तेच. इंजिन बोट-दीड बोट हललं तर चालतं. चार बोटं उसळून धप्पकन बसलं तर माउंटिंग संपलंय. इंजिन साधारण तीन ठिकाणी टेकलेलं असतं. पट्ट्याच्या बाजूचं माउंटिंग तेलकट, काळं, बसकं दिसतंय का ते बघा आणि खालच्या टॉर्क रॉडचं रबर फाटलंय का तेही. 2 लाख 38 हजारांवर ही रबरं मूळचीच असतील, तर ती गेलेलीच समजा, मग बाकी काही निघो न निघो.

अल्टरनेटरची पुली किंवा एसीचा कॉम्प्रेसर अडखळत असेल तरी अशीच थरथर येते. मिस्त्रीकडे असताना इंजिन बंद करून बाहेरचा पट्टा काढायला सांगा आणि इंजिन उभ्या जागी अर्धा मिनिट चालू ठेवून बघा. त्याहून जास्त नाही, कारण या इंजिनात पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो.

फिल्टर बदललात ते ठीक. पण फिल्टर बदलतानाच ओ-रिंग चिमटते किंवा रबरी पाइपची क्लिप ढिली राहते आणि लाइन हवा धरायला लागते. टाकी ते पंप हा रस्ता ओढीचा आहे, त्यामुळे बारीक चिरेतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. डाग दिसत नाही म्हणून गळती नाही असं होत नाही. फिल्टर आणि पंप यांच्या मधल्या रबरी पाइपच्या जागी वीतभर पारदर्शक पाइप तात्पुरता लावा. चालू झाल्यावर एक-दोन बुडबुडे गेले तर हरकत नाही. दोन मिनिटांनीही बुडबुड्यांची माळ चालूच राहिली तर मागे कुठेतरी हवा शिरतेय. हे फक्त या कमी दाबाच्या बाजूलाच करायचं.

त्या औषधाच्या बाटल्यांबद्दल एवढंच: नोझलच्या आतली पोलादी सीट झिजलेली असेल, तर ती कुठल्याही औषधाने भरून येत नाही. आणि हायवेला बॅरलमधून मिळणारं स्वस्त डिझेल भरत असाल तर तेही बंद करा.

ईजीआर: तपासासाठी बंद करा, कायमचा नको

दुसऱ्या मिस्त्रीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. शहरात कमी वेगाने, भाड्याची वाट बघत चालू ठेवलेल्या गाडीत ईजीआरच्या व्हॉल्व्हवर काजळीचे थर बसतात आणि तो पूर्ण मिटत नाही. मग आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, ताज्या हवेऐवजी जळका वायूच जास्त आत जातो आणि गाडी हुंदके देते. पण तेव्हा बहुतेक वेळा काळा धूर आणि पिकअपची तक्रारही सोबत असते, ती तुमच्याकडे नाही.

तरी तपासून टाका. व्हॉल्व्हचा वायरिंगचा कनेक्टर काढणं पुरेसं नाही, कारण काजळीने उघडा अडकलेला व्हॉल्व्ह वीज काढली तरी उघडाच राहतो. व्हॉल्व्ह आणि पाइपच्या मध्ये 1 मिलिमीटरचा पोलादी पत्रा तात्पुरता घालायचा आणि गाडी तापवून बघायची. थरथर गेली तर चोर सापडला. पत्रा काढा, व्हॉल्व्ह उतरवून काजळी साफ करून घ्या, इनटेक मॅनिफोल्डचं तोंडही बघा. पत्रा तसाच ठेवून दिला तर पीयूसीचा कागद मिळेलही, पण नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात, बदल नियमात बसत नाही आणि चेक लाइट लागून बसतो. मग खरा बिघाड झाला की दिवा काही सांगत नाही.

स्कॅनर लावा, दिवा लागत नसला तरी

चेक लाइट लागत नाही म्हणजे बिघाड नाही, असं मुळीच नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, क्रँकचा वेग प्रत्येक स्फोटानंतर मोजत असतो. जो सिलिंडर मागे पडतो त्याला चिमूटभर जास्त डिझेल देतो, जो पुढे पळतो त्याचं थोडं कापतो. ही सांभाळून घेण्याची मर्यादा संपेपर्यंत दिवा लागत नाही. म्हणून कोड नाही, तर लाइव्ह डेटा बघायचा. गरम इंजिन, आयडल, एसी बंद, आणि हे आकडे कागदावर लिहून घ्या.

एक, रेलचं प्रेशर: मागितलेलं आणि प्रत्यक्ष. या इंजिनात आयडलला ते साधारण 250 ते 300 बार असतं. दोन्ही आकडे जवळजवळ राहून 10-15 बार इकडेतिकडे झाले तर ठीक. 50-60 चे झोके असतील तर लाइनमधली हवा, पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह किंवा रेलचा सेन्सर बघायचा, नोझल नाही.

दोन, हवेचं माप. 1248 सीसीच्या इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला 312 सीसी येतात. ईजीआर पूर्ण बंद असेल तर दर स्ट्रोकला साधारण 300 मिलिग्रॅमच्या आसपास हवा दिसायला हवी. ईसीयू व्हॉल्व्ह बंद आहे म्हणतोय आणि आकडा त्याहून बराच खाली आहे, तर व्हॉल्व्ह मिटत नाही किंवा हवेचा सेन्सर खोटं बोलतोय.

तीन, सिलिंडरनिहाय करेक्शन, म्हणजे ईसीयूने वाढवलेलं किंवा कापलेलं डिझेल, मिलिग्रॅममध्ये. हाच सगळ्यात बोलका आकडा. चारही प्लस-मायनस 1 च्या आत असतील तर छान. तीन जण शून्याजवळ आणि एक प्लस 3 च्या पुढे, तर तो सिलिंडर कमजोर. मायनसमध्ये लांब गेला तर त्याचा नोझल जास्त डिझेल ओततोय. पण प्लस 3 दिसलं की नोझल गेला असं लगेच म्हणायचं नाही. कॉम्प्रेशन कमी असलेला सिलिंडरही प्लसच दाखवतो. आकडा सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही.

रिटर्नची चाचणी

नोझल दोषी ठरवायचा असेल तर ही चाचणी झाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. नोझलला मिळालेल्या डिझेलपैकी थोडं सिलिंडरमध्ये जात नाही, वरच्या बारीक नळीने परत जातं. आतला व्हॉल्व्ह झिजला की हे परतीचं डिझेल वाढतं.

सामान फार लागत नाही. मेडिकलमधून 20 मिलीच्या चार सिरिंज आणा, दट्ट्या काढून टाका. प्रत्येकीच्या तोंडाला हातभर बारीक पाइप जोडा आणि चारही सिरिंज तोंड खाली करून बॉनेटच्या आतून एका रांगेत बांधा. इंजिन पूर्ण तापवून बंद करा, 5 मिनिटं थांबा. नोझलच्या डोक्यावरच्या रिटर्न नळीच्या क्लिपा अलगद काढा, तिथे आपले पाइप बसवा. गाडीची मूळ रिटर्न लाइन बुचाने बंद करा, नाहीतर तिथून डिझेल उडेल. चालू करा, 3 मिनिटं आयडल. बंद करून चारही पातळ्या वाचा. मग सिरिंज रिकाम्या करून 2000 आरपीएमला 1 मिनिट, पुन्हा वाचा.

आकडा किती आला याला फार महत्त्व नाही, चौघांत फरक किती याला आहे. समजा 6, 7, 6 आणि 17 मिली आले, तर चौथा सरळ सरळ गळतोय. इतरांच्या दुपटीच्या वर जो गेला तो टेस्ट बेंचवर (नोझल मापून तपासायच्या यंत्रावर) पाठवायचा. चारही बरोबरीत निघाले तरी नोझल पूर्ण सुटले नाहीत, कारण टोकाशी ठिबकणारा नोझल या चाचणीत सापडत नाही. तिथे करेक्शनचा आकडाच कामाला येतो.

एक गोष्ट ठणकावून. जुन्या डिझेल गाड्यांत मिस्त्री चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला करून कुठला सिलिंडर मरतोय ते बघायचे. तुमच्या गाडीवर हे कुणालाही करू देऊ नका. टायरमध्ये हवा 2 बारच्या आसपास असते. इथे आयडललाच अडीचशेच्या वर, जोरात 1600 बारपर्यंत. ती धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि माणसाला तरीही ताबडतोब हॉस्पिटलात न्यावं लागतं. सिलिंडर बंद करून बघायचाच असेल तर स्कॅनरने करा, नाहीतर इंजिन बंद करून एका नोझलचा वायरिंग कनेक्टर काढा आणि पुन्हा चालू करा. कनेक्टर काढल्यावर गाडी आणखी लंगडली तर तो सिलिंडर चांगला. काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला.

नोझल की कॉम्प्रेशन, हे अदलाबदलीने कळतं

समजा तिसरा सिलिंडर कमजोर निघाला. तिसऱ्याचा नोझल पहिल्यात, पहिल्याचा तिसऱ्यात. प्रत्येक नोझलच्या डोक्यावर अंक-अक्षरांचा एक कोड असतो, तोही स्कॅनरने नव्या जागेनुसार भरायचा, नाहीतर ईसीयू चुकीच्या मापाने डिझेल देतो आणि चाचणी फसते. आता प्लसचा आकडा पहिल्याकडे गेला तर नोझल दोषी. आकडा तिसऱ्यालाच चिकटून राहिला तर नोझल निर्दोष, आणि मगच हीटर प्लगच्या भोकातून कॉम्प्रेशन मोजायचं. डिझेलचा गेज पेट्रोलच्या गेजहून वेगळा असतो, आकडा 20 ते 30 बारच्या घरात हवा आणि चौघांत 3-4 बारहून जास्त फरक नको. एवढ्या चाललेल्या इंजिनात हीटर प्लग जाम असतात. आदल्या रात्री गंजाचं तेल सोडून इंजिन कोमट असताना हळू हाताने काढले नाहीत तर प्लग हेडमध्येच मोडतो आणि नवीनच खर्च निघतो.

नोझल काढायच्या आधी त्याच्या बुडाशी नीट बघा. डांबरासारखा काळा चिकट गोळा जमलाय, चालू इंजिनावर फुस-फुस आवाज येतोय, एसीतून जळका वास येतोय? मग तांब्याचा वॉशर गळतोय. तो काही रुपयांचा असतो, पण दुर्लक्ष केलं तर नोझल हेडला जाम करून ठेवतो.

एकच नोझल निघाला तर बेंचवर दुरुस्त करून घ्या आणि रिपोर्टचा कागद मागा: आयडल, मधला आणि पूर्ण लोड या तिन्ही ठिकाणचं डिझेल आणि रिटर्न, दिलेल्या मापासह. बाकीचे तीन त्याच बेंचवर मापात बसले तर त्यांना हात लावू नका. एक गेला की बाकीचेही जाणारच, म्हणून चारही घ्या, हा विक्रीचा हिशोब आहे.

सकाळी चालू करताच दोन-तीन सेकंद साखळी खडखडते का, तेवढं कान देऊन ऐका. या इंजिनात टायमिंगची साखळी आहे आणि तेल सुमारे 3 लिटरच. तेल कमी किंवा जुनं राहिलं की साखळीचा टेन्शनर आधी रडतो. खडखड असेल तर ते काम नोझलच्या आधी.

आषाढीच्या भाड्यांचं

आज जे लिहिलंय तेवढंच असेल, तर गाडी चालवायला हरकत नाही. मात्र रोज सकाळी, थंड इंजिनावर, सपाट जागेवर डिपस्टिक काढा. तेलाची पातळी खाली नाही, वर सरकत असेल आणि काडीला डिझेलचा वास येत असेल, तर नोझल ठिबकून डिझेल तेलात उतरतंय. त्या दिवसापासून भाडं बंद. तेच तेल इंजिनाने ओढलं तर किल्ली काढूनही इंजिन थांबत नाही. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर किंवा आयडलला हातोडी मारल्यासारखी खट-खट आली तरीही गाडी तिथेच उभी करायची. ठिबकणारा नोझल पिस्टनला भोक पाडतो, आणि मग 40 हजारांत काही भागत नाही.

वीस दिवस पुरेसे आहेत. या आठवड्यात पट्टीची चाचणी, माउंटिंग आणि लाइन. पुढच्या आठवड्यात एका दिवसात स्कॅनर, ईजीआरचा पत्रा आणि रिटर्न, म्हणजे बेंचला दोन-तीन दिवस मिळतील. पंढरपूरच्या गर्दीत गाडी तासभर एसी लावून आयडलला उभी ठेवणं तेवढं टाळा, काजळी तिथेच साठते.

आणि नोझल काढून बसवले की मिस्त्रीकडून जुने तांब्याचे वॉशर मोजून घ्या. दोन नोझल उतरवले असतील तर दोन वॉशर. हातात एकच आला तर दुसरा अजून भोकात बसलाय, नवीन त्याच्यावर चढलाय आणि नोझल मिलिमीटरभर वर उचलला गेलाय. गाडी चालू करायच्या आधीच तो काढून घ्या.